नेहमीसारखा पीळ

बंदरावरच्या बाई दोर बघायला येणार म्हणून सकाळपासून दोन्ही घरांत भांडी आपटत होती. भिंतीच्या अलीकडे करवतीची आई आपटत होती, पलीकडे काकू. राग एकमेकींवर नव्हता. दोघींचे नवरे 'तळ्याच्या बांधावर मी आधी जाणार नाही' म्हणून हटून बसले होते. नवऱ्याला आपटता येत नाही म्हणून बायका पातेली आपटतात, हे जगात सगळीकडे चालतं.

करवत अंगणात उभी राहून दोन्हीकडचं ऐकत होती. करवत हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर तिने ओ दिली नसती. लहानपणापासून जीभच तशी. शहरात काही वर्षं कारखान्यात पेट्या भरल्या, मग एक दिवस मुकादमाला सगळ्यांसमोर चोर म्हणाली आणि घरी आली. मुकादम चोर होताच. पण नोकरी चोराची जात नाही, चोर म्हणणारीची जाते.

"आबा," ती दारातून ओरडली, "बाई निघाल्यात. दादाचा ट्रक फाट्यावर पोचलाय."

"तुझ्या काकांना सांग आधी निघायला."

"काका," ती पलीकडच्या दाराशी गेली, "निघा."

"तुझ्या बापाला सांग, मोठ्यांनी पुढे चालावं."

"दोघंही एकदमच निघा नाहीतर. एक, दोन, तीन म्हणू का?"

वाटणी झाली तेव्हा दोर वळायच्या लांब शेडीवरून घोडं अडलं होतं. शेड आडवी कापावी तर दोन्ही भावांचे दोर अर्ध्यावर संपले असते, कारण जेवढी शेड लांब तेवढा दोर लांब. मग वाटणी करायला बसलेल्या शहाण्यांनी ती उभी कापली. या टोकापासून त्या टोकापर्यंत मधोमध भिंत. प्रत्येकाच्या वाट्याला एक बोळ आला. त्या बोळात दोर वळता यायचा, माणसाला वळता यायचं नाही. रान आबांकडे गेलं, तळं काकांकडे. करवतीच्या वाट्याला काय आलं हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

तेव्हापासून भाऊ एकमेकांशी बोलत नसत. भिंतीशी बोलत.

"भिंतीबाई, तळ्यावरचा पंप कुणी चालू ठेवला असेल तर बंद करायला सांगा," असं आबा म्हणत.

"भिंतीबाई, ज्याला आवाज ऐकू येतोय त्याला पाय पण असतील," असं पलीकडून येई.

भांडणाचं मूळ मात्र वाटणीत नव्हतंच. ते काकांच्या डाव्या हातात होतं. काका जन्माचे डावरे. त्यांच्या बापाने पोराला वळायच्या चाकावर बसवलं तेव्हा त्याचा डावा हात सुतळीने पाठीमागे बांधून टाकला. या घराचा पीळ उजवा आहे, म्हणाला. गाठ मारायला थोरल्याला लावलं, म्हणजे आबांना, आणि आबा तेव्हा स्वतःच शेंबडे होते. पोराचं मनगट सोलून निघालं. म्हातारा गेल्यावर लोक म्हणायचे, काय शिस्तीचा माणूस होता. शिस्त कसली डोंबलाची. पोराचा हात बांधायला शिस्त लागत नाही, पोरापेक्षा जास्त ताकद लागते आणि ती प्रत्येक बापाकडे फुकट असते. बाप गेल्यावर काकांनी चाकाचा दांडा डाव्या हातात धरला आणि चाक उलटं फिरवलं. त्यानंतर त्यांच्या बोळातून बाहेर पडलेला प्रत्येक दोर डाव्या पिळाचा. बाजारात या घराला उजवे म्हणत, त्या घराला डावे. दोन्ही दोर सारखेच टिकायचे. पण हे बोलायची सोय नव्हती.

आणि अशा घरात करवत अंबाडी घेऊन शिरली.

गावाच्या खालच्या अंगाला जी रानं होती, त्यांत पाणी साचायचं आणि दुसरं काही धड यायचं नाही. गावाच्या उन्नतीवर बोलायला येणारे साहेब त्या रानाकडे लांबूनच हात करत. त्यांच्या बुटांना तिथला चिखल कधी लागला नाही. गावातली तरणी पोरं एकेक करून शहराच्या गोदामांत ओझी उचलायला निघून गेली होती. करवत घरोघर फिरली. अंबाडी पेरा म्हणाली. चार महिन्यांत कापणीला येते, चिखलाला भीत नाही, सोट्यासारखी सरळ वाढते. सालीचे तंतू, म्हणजे वाख, काढू, दोर वळू, बंदरावर लागतो. प्लॅस्टिकचा दोर तिथे आता चालत नाही, त्याचे तुकडे माशांच्या पोटात जातात म्हणून बंद केलाय.

लोक आधी हसले. मग पेरून बघितली. दोन महिन्यांत हसणारे त्या रानात शिरले की दिसेनासे व्हायला लागले, इतकी ती वाढली.

कापलेल्या जुड्या काकांच्या तळ्यात भिजत घातल्या. इथे खरी परीक्षा. लवकर काढली तर साल सुटत नाही, उशीर केला तर वाखच कुजतो. काका रोज पाण्यात हात घालून हात नाकाशी नेत आणि म्हणत, "अजून नाही." गावभर वास सुटला. काकू म्हणाली, मला नवरा नको, नाक बंद करून द्या. आणि एक दिवस काका म्हणाले, "आज." त्या दिवशी सगळं गाव कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं, आणि हातातली साल ओढली की मोज्यासारखी निघून येत होती.

आता बाईंनी दोर पसंत केला तर वाख काढायचं यंत्र याच गावात बसणार होतं आणि वर्षभराचं काम मिळणार होतं. नापसंत केला तर यंत्र दुसऱ्या गावी, आणि इथला वाख चुलीत. करवतीने सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं, दोर नापास झाला तर मी परत पेट्या भरायला जाते, तुम्हाला तोंड दाखवणार नाही. बोलताना बरं वाटलं होतं.

नमुन्याचा दोर चौपेडी ठरला. तिपेडी केला असता तर एका घराचे दोन पेड आणि दुसऱ्याचा एक, म्हणजे नवं भांडण. म्हणून दोन यांचे, दोन त्यांचे. दोन्ही बोळांत पेड वळायला देताना करवत घाईत होती. इकडे म्हणाली, "आबा, दोन पेड नेहमीसारखे वळा." तिकडे जाऊन म्हणाली, "काका, दोन पेड नेहमीसारखे वळा." आणि पुढच्या कामाला पळाली.

बाई ट्रकमधून उतरल्या त्या उडी मारूनच. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, केस कापलेले, आणि तळहात असे की त्यांवर काडी ओढून पेटवावी. ट्रक चालवणारा दादा, म्हणजे करवतीचा चुलतभाऊ, काकांचा मुलगा, मागून उतरला आणि हळूच तिला म्हणाला, "सबंध रस्ता गप्प होत्या. एकदाच बोलल्या. म्हणाल्या, गिअर नीट टाक."

दोघे भाऊ बांधावर आले होते, एक या बाजूने, एक त्या बाजूने. मधे हातभर अंतर आणि नजर समोर तळ्याकडे.

बाईंनी वाखाची जुडी उचलली. बोटांनी विंचरली, ओढून पाहिली, उजेडात धरली. "स्वच्छ आहे. पाण्यातून कधी काढायचा हे कुणी ठरवलं?"

आबा तळ्याकडे बघत म्हणाले, "ज्याचं तळं आहे त्याने. त्याला नाक आहे."

काकांनी घसा साफ केला. "रानच चांगलं राखलेलं होतं. वाख जमिनीतून येतो, नाकातून नाही."

आईने आणि काकूने एकमेकींकडे बघितलं. इतकी स्तुती या दोन तोंडांतून त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"दोर वळून दाखवा," बाई म्हणाल्या. "मी बोलण्यावर घेत नाही. वळलेला दोर फेकते, फेकला की तो खोटं बोलत नाही."

पेड रिळांवर गुंडाळून चाकासह बांधावर आणले होते. दुसऱ्याच्या कामाकडे मान वळवून बघायचं नाही हा दोघांचा जुना बाणा, त्यामुळे एकमेकांचे पेड कोणीच बघितले नाहीत. चुलतभावाने चारी पेड आकड्यांना अडकवले, त्या टोकाला आबांनी चाक धरलं आणि फिरवायला सुरुवात केली. चाक कुरकुरलं. दोर जुळत आला. पण करवतीला काहीतरी खटकत होतं. दोन पेड दोराला घट्ट धरून बसत होते आणि दोन फुगून बाहेर येत होते, नको त्या पंक्तीत बसवलेल्या पाहुण्यांसारखे.

"आबा, थांबा जरा..."

"आता थांबलं तर पीळ जातो," आबा म्हणाले आणि चाक फिरवत राहिले.

बाईंनी तयार दोराचं टोक सोडवलं आणि दोर बांधावर फेकला.

दोर जमिनीवर पडला आणि जिवंत झाला. गरगर फिरला, जागोजाग गुंडाळ्या झाल्या, एक वेढा चुलतभावाच्या पायात गेला, आणि मधे मधे पेड सुटून आतड्यांसारखे बाहेर आले. शेवटी तो एका ढिगात निपचित पडला.

चुलतभावाने पाय सोडवून घेतला.

"हा दोर माझ्या माणसाचा पाय धरून त्याला पाण्यात नेईल," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आबांनी दोरातला एक पेड उचलला. बोटांत फिरवला. दुसरा उचलला. मग वळले ते सरळ काकांकडे. इथे भिंत नव्हती.

"तू उलटे वळलेस."

"मी नेहमीसारखे वळले."

"नेहमीसारखे म्हणजे उजवे."

"तुमचं नेहमीचं उजवं. माझं नेहमीचं डावं आहे, दादा. ते तसं का आहे, हे तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगायला नको."

"एका दोरात दोन पीळ होत नाहीत, एवढं शेंबड्या पोराला कळतं."

"मग पोराला विचारायचं होतं. एकदा भिंतीवरून वाकून बघायचं होतं."

"तू वाकलास?"

काकू नवऱ्यावरच उखडली. "मोठे भाऊजी बरोबर बोलतायत. काल रात्रीच मी म्हटलं, एकदा पलीकडे विचारा. तर म्हणे, मी कुणाला काही विचारत नसतो. घ्या आता."

आईने तेवढ्यात दुसरी बाजू धरली. "भावोजींचं काय चुकलं? नेहमीसारखे म्हटलं, त्यांनी नेहमीसारखे वळले. सांगणारी आपली लेक आहे. तिला विचारा."

सगळ्यांनी करवतीकडे बघितलं. बाईंनीही.

"माझंच चुकलं," करवत म्हणाली. "या घरात नेहमीसारखं म्हणायचं म्हणजे कुणाच्या नेहमीसारखं ते सांगावं लागतं, हे मी विसरले. इथेच जन्मले तरी विसरले." तिचा आवाज फाटला, मग तिने तो दातांनी धरल्यासारखा परत आणला. "पण तुम्ही दोघं काय करताय? गावाने तुमच्या भरवशावर रान दिलं. चिखलात उभं राहिलं. आणि तुम्ही अजून त्या म्हाताऱ्याच्या सुतळीत अडकून बसलात. तो मेला. सुतळी कुजली. तुमची गाठ काही सुटत नाही." ती चुलतभावाकडे वळली. "दादा, ट्रक जाताना मला घेऊन जा. मी पिशवी आणते."

ती घराकडे निघाली. कोणी अडवलं नाही.

मागे बांधावर दोन्ही जावा खाली बसल्या होत्या. दोराचा ढीग उलगडून त्यांनी पेड मोकळे केले. मोकळे पेड पडू द्यायचे नाहीत, वेणी घालून ठेवायचे, ही या घरातल्या बायकांच्या हातांची सवय, मग घरात आग का लागेना. आईने आपले दोन पेड धरले, काकूने आपले दोन. नव्या सुना होत्या तेव्हा दोघी अशाच एकमेकींच्या वेण्या घालायच्या. हात चालू झाले. आईचा पेड काकूच्या पेडावरून, काकूचा आईच्या खालून.

"तुमचा घट्ट ओढताय, जाऊबाई."

"तू पहिल्यापासून सैल धरतेस."

"केस ओढले की डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. आठवतंय?"

"येऊ दे. वेणी सुटायची नाही पण."

बाई ट्रककडे जायला निघाल्या होत्या. वाटेत वेणीचं टोक त्यांच्या बुटाखाली आलं. सवयीने त्यांनी ते उचललं आणि सवयीने फेकलं.

वेणी बांधावर पडली ती आखून ठेवल्यासारखी सरळ.

बाई थांबल्या. उचलली, पुन्हा फेकली. सरळ. गुंडाळी करून जोरात भिरकावली. उलगडत गेली आणि सरळ पडली. मग त्यांनी टोक चुलतभावाच्या हातात दिलं, दुसरं टोक ट्रकच्या आकड्याला अडकवलं आणि त्याला म्हणाल्या, "लोंबकळ."

"मी?"

"तूच. गिअर टाकता येत नाही, निदान लोंबकळ तरी."

तो लोंबकळला. नेहमीचा दोर अशा वेळी माणसाला भोवऱ्यासारखा फिरवतो. हा फिरवेना. चुलतभाऊ शेडीतल्या पोत्यासारखा स्थिर लटकून राहिला आणि सगळ्यांकडे ओशाळून बघत बसला.

पिशवी घेऊन आलेली करवत तिथेच थबकली. पिशवी ट्रकात टाकून ती गुडघ्यावर बसली आणि वेणीवरून बोटं फिरवत पेड मोजायला लागली. उजवा. डावा. उजवा. डावा.

"हा फिरत का नाही?" बाईंनी विचारलं.

"कसा फिरेल," करवत म्हणाली. ती हळूहळू बोलत होती, बोलतानाच तिला कळत होतं. "उजव्याला इकडे फिरायचंय, डाव्याला तिकडे. वेणीत दोघं एकमेकांना फिरूच देत नाहीत. भांडतायत."

"भांडू देत," बाई म्हणाल्या. "माझ्या होड्या दोराला बांधल्या की दोर फिरतो, होड्या फिरतात, माणसं शिव्या देतात. कित्येक वर्षं न फिरणारा दोर शोधतेय. असाच हवा, वेणी घातलेला. दोन उजवे, दोन डावे. शहाणपणा करून चारी उजवे पाठवलेत तर ट्रक परत येईल."

"चारी डावे पाठवले तर?" काकांनी विचारलं. त्यांना राहवलं नाही.

"तुम्हीच ते डावे का? तर तुम्हालाही परत पाठवीन."

आबा हसले. खरंच हसले, आणि हसताना त्यांचा तोल जाऊन हात काकांच्या खांद्यावर पडला. तो त्यांनी लगेच काढून घेतला. पण पडला होता.

"यंत्र कुठे बसवायचं?" बाईंनी विचारलं. "शेड पाहिली मी येताना. मधली भिंत पाडा, छान जागा होईल."

"भिंत नाही पडायची," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

"तिच्याशी बोलायची सवय झालीय," काकूने समजावलं. "ती गेली तर यांना घरातल्यांशी बोलावं लागेल."

यंत्र बांधावर बसवायचं ठरलं. चहा झाला. मग बाईंनी कामाचा प्रश्न काढला. वळणारे हात गावात भरपूर होते, पण सगळे उजवे. डावा पीळ देणारा माणूस एकच. काकांच्या पोरालाही तो येत नव्हता. शिकवायला गेल्यावर आजोबा चिडतील म्हणून लहानपणी त्याला उजवाच शिकवलेला.

"शिकवावा लागेल," करवत म्हणाली. "पण उजव्या हाताच्या माणसाला डाव्या हाताने चाक फिरवायचं म्हणजे..."

"मी शिकतो," आबा म्हणाले.

आईने कप खाली ठेवला. "तुम्ही? या वयात?"

"चाक माझ्यासमोरच आहे. दुसरीकडे जायला नको." ते चाकाशी जाऊन बसले, सगळ्यांकडे पाठ करून. "शिकव," ते म्हणाले. भिंतीला नव्हे.

काकांनी वाखाची एक बट उचलली, मांडीवर डाव्या हाताने वळली आणि सुतळी केली. भावाच्या मागे जाऊन उभे राहिले.

"तुमचा उजवा हात सारखा मधे येईल. मागे घ्या."

काकू उठायला लागली. करवतीने तिचा पदर धरून खाली बसवलं.

आबांनी उजवा हात मागे घेतला. काकांनी त्याभोवती सुतळीचे वेढे दिले. घट्ट नव्हे. गाठ मारली, आणि सुतळीचं मोकळं टोक आबांच्याच मुठीत दिलं.

"सरकगाठ आहे. दुखलं की ओढा. सुटते."

आबांनी मूठ मिटली. ओढली मात्र नाही. डाव्या हाताने दांडा धरून त्यांनी चाक फिरवलं. ते अर्ध्यावर अडकलं, मग सवयीच्या दिशेने मागे पळालं.

"चुकतंय," आबा म्हणाले.

"सुरुवातीला चुकतंच. माझं किती दिवस चुकत होतं. वर फटके."

"मारणार आहेस?"

"वहिनी बघतायत म्हणून नाही."

आई एवढी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि ट्रककडे निघाल्या. ट्रकातली पिशवी आडवी येत होती. बाईंनी ती उचलून करवतीच्या मांडीवर टाकली आणि चढल्या. एवढंच.

"बरं, आता दांडा कसा फिरवू?" आबांनी विचारलं.

"नेहमीसारखा," काका म्हणाले.

आबांनी दांडा धरलेला हात तसाच थांबवला. मान वळवली आणि भावाच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"कुणाच्या?"

"आता विचारलंत," काका म्हणाले, आणि त्यांनी आपला डावा हात आबांच्या डाव्या हातावर ठेवला.